कानाला झाकण कुठं हाय?

…आन म्हणूनच सांगते, म्हाताऱ्या बाईला काय शिकवायचंच आसंल तर पवायला शिकवा, सायकल शिकवा, मोबाईलवर बोलायला शिकवा… पर ऐकायला शिकवू नगा! हात जोडते, ऐकायला तेवढं शिकवू नगा! हसू नगा वो पावणं. तुमास्नी वाटंल, म्हातारी बहिरी झाली आसंल. आवो, बहिरी झाले आसते तर गल्लीत पेढं वाटलं आसतं! उलटंच झालंय की. चांगला अर्धामुर्धा कान हुता, पासष्ट वर्सं झ्याक चालला हुता. सुनंनं हाक मारली की ऐकू यायचं न्हाय आन शेजारच्या घरातलं भांडण आलं की अक्षर न् अक्षर ऐकू यायचं, म्हंजे देवानं किती बेतानं दिला हुता बघा! आन आमच्या नातवानं त्येला धार लावून ठिवली. आता इळ्याला धार लावली तर इळा खुंटीला अडकवता येतोय. कानाचं काय करायचं? डोळ्याला झाकण हाय. तोंडाला झाकण हाय… आमचं मालक म्हणत्यात माझ्या तोंडाला न्हाय, त्ये जाऊ द्या… पर कानाला झाकण कुठं हाय?

ह्यो नातू म्हंजे शिवशरण, माझ्या थोरल्याचा पोरगा. आमच्या मालकांची शाहूपुरीत गुळाची अडत हुती. वय झालं, धंदा बंद केला, तसं घरामागचं गुळाचं गोदाम रिकामं पडलं. तितं ह्या पोरानं स्टुडिओ काढला. भजनी मंडळाच्या गाण्याच्या शीड्या, लग्नाच्या शीड्या, निवडणूक आली की रिक्षावर लावायची आरोळी, सगळं तितं हुतंय. मी म्हटलं, बरं झालं, गुळाला मुंग्या लागत हुत्या, आता मंडळं लागतील. पर भिंतीला काय लावलं आसंल त्यानं? अंड्याचं ट्रे! शिवशिवा! लिंगायताचं घर, आमलेटचं नाव काढलं तरी मालक चूळ भरून येत्यात, आन भिंत बघावी तर वरपासनं खालपतूर अंड्याचं ट्रे! "शरणा, हे काय रं?" तर म्हणतोय कसा, "आज्जी, आवाज घुमू न्हाय म्हणून." आरं बाबा, आवाज घुमायचा न्हाय, पर गल्लीत नाव घुमंल त्येचं काय? शेजारची तानाबाई लगीच डोकावली. "महादेवीआक्का, पोल्ट्री काढलीसा व्हय?" मी म्हटलं, "व्हय, आन आमच्या कोंबड्या भजन म्हणत्यात, ऐकायला ये."

आता माझा सोभाव हाय त्यो हाय. थट्टा केल्याबिगार मला भाकरी पचत न्हाय. आमच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी. येकदा भर दुपारी मी गॅलरीतनं नुसती हाक टाकली, "पाणी आलंऽऽऽ!" आख्खी गल्ली घागरी घिऊन पळाली वो! तानाबाई तर येका पायात चप्पल घालून! नळ आपला कोरडा ठणठणीत, आन मी वर पोट धरून हसतीया. आन येकदा मालकांच्या अंथरुणात लोड ठिवला, वर पांघरूण घातलं आन सुनंला, शरण्याच्या आईला, हाक मारली, "पवित्राऽऽ, तुझं मामंजी हलंनात गंऽऽ!" पोरगी रडतच आली, पांघरूण वडलं तर आत लोड… आन मामंजी भाईर चौकात पान चघळत हुबं! चार दिवस बोलली न्हाय माझ्याशी. गुणाची पोरगी हाय, पर थट्टा कळत न्हाय तिला.

हां, तर कानाचं सांगत हुते. दोन हजार तीन साल आसंल. पुण्याच्या कुण्या व्यापाऱ्यानं शरण्याला येक नवा डबा वापरून बघायला दिला. कन्व्हर्टर म्हणत्यात त्येला. येक जुना हुताच, त्येच्या शेजारी ह्यो नवा, निळा दिवा लागत्याला. मी इचारलं, "करतोय काय रं ह्यो?" तर म्हणला, "आज्जी, कॉम्प्युटरात गाणं नसतंय, नुसतं आकडं आसत्यात. त्या आकड्याचं परत गाणं ह्यो डबा करतोय." मी म्हटलं, "म्हंजे गुळाचा परत ऊस करायचा म्हण की! आरं तुझ्या आज्ज्याला आख्ख्या जल्मात जमलं न्हाय त्ये!" तर म्हणला, "त्येच तर बघायचंय. कुठल्या डब्यातला ऊस जास्त खरा."

मग त्येचं दोस्त आलं ऐकायला. निळा दिवा बघितला की त्यांची तोंडं बघायला पायजे हुती! डोळं मिटून, मान हलवून, "वाऽऽऽ… काय क्लॅरिटी… काय डेप्थ हाय राव!" आन शरण्या मला हळूच म्हणतोय, "आज्जी, नव्याचा दिवा तेवढा लावलाय. गाणं जुन्यातनंच वाजतंय." मी आशी हसले, आशी हसले… म्हटलं, ह्यो माझाच नातू!

पर मग त्यो माझ्याकडं वळला. "आज्जी, ज्येला डबा दिसतोय त्येचा कान लबाड हुतोय. माझा बी हुतोय. तुला काय म्हायती न्हाय, तूच बस." म्हटलं, "मी अडाणी म्हणून?" तर म्हणला, "व्हय." तोंडावर! पर बसले. डोळ्याला टावेल बांधला, कानावर हेडफोनच्या दोन वाट्या बसवल्या, आन त्यानं आमच्या भजनी मंडळातल्या अंबूबाईचं भजन लावलं. येकदा पयला, येकदा दुसरा. काय फरक हाय सांग म्हणला. आता फरक कुणाला कळतोय? पर थांबा, मला खरंच कळला! मी सांगितलं, "पयला जरा तुरट हाय बघ. दुसरा गोड हाय, पर मागनं घशात खवखवतोय." शरण्या म्हणला, "आन काय आज्जी?" मी म्हटलं, "दुसऱ्यात अंबूबाई जरा जाड वाटती." टावेल काढला. त्यो हसत बसला हुता. "आज्जी, दोन्ही टायमाला येकच डबा हुता. मी बदललाच न्हाय."

आता तुमी म्हणशीला, फशिवणारी फसली, हसायची गोष्ट हाय. हासले की मी बी! पर भाईर येऊन पायरीवर बसले ती बसलेच. कारण मी थट्टा करत न्हवते वो. मला खरंच ऐकू आलतं. तुरट म्हंजे तुरट, खवखव म्हंजे खवखव! जे न्हाईच त्ये मला ऐकू आलं. जल्मभर मी लोकास्नी फशिवलं, पर माझाच कान मलाच फशिवतोय म्हंजे काय? डोळ्यानं भलतं दिसलं तर डोळं चोळता येत्यात. कान काय चोळायचा? आन झाकायचा कसा? कानाला झाकण कुठं हाय?

म्हणून हट्टाला पेटले. म्हटलं, शरणा, मला शिकीव. रोज दुपारचं, भाकरी खाऊन, गोदामात जायचं. त्यो पडद्यामागं बसायचा, नाणं उडवायचा, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा, आन मी वळखायचं. आन आधी दोन्हीचा आवाज सारखा करून घ्यायचा, कारण म्हणला, "जरा मोठा वाजला की माणसाला त्योच चांगला वाटतोय." म्हटलं, खरं हाय, निवडणुकीत बी तसंच हुतंय. रोज धा डाव. रोज माझं पाच बरोबर, पाच चूक. कवा चार, कवा सहा. शरण्या म्हणायचा, "आज्जी, म्हशीला बसवली तरी पाच येतील." म्हटलं, "म्हशीच्या कानाला वाट्या बसवून बघ की मग!"

तर त्यानं मला येक सांगितलं. "आज्जी, तू गाणं ऐकतीस. गाणं ऐकू नगं. गाण्याच्या कडंला ऐक. टाळ वाजल्यावर काय ऱ्हातंय त्ये ऐक. अंबूबाई गायच्या आधी दम घेती, त्यो ऐक." आता भजनाला बसून भजनच ऐकायचं न्हाय म्हंजे… लगनाला जाऊन नवरा-नवरी सोडून मांडवाची सुतळी बघत बसायचं! पर बसले. आन येक दिवस काय झालं कुणाला ठावं, टाळ वाजला, टिंऽऽऽग… आन त्येची शेपूट मला दिसली! म्हंजे ऐकू आली. जुन्या डब्यात ती शेपूट मधीच तुटायची, दार लोटल्यागत. नव्या डब्यात ती लांब लांब जायाची, कुणी अनवाणी चालत अंगणाभाईर गेल्यागत. आन अंबूबाईचा दम! जुन्यात नुसता कापूस. नव्यात तिचं वठ सुटल्यालं बी कळायचं. त्या दिवशी धा पैकी नऊ बरोबर! मी टावेल काढून नाचले वो गोदामात! शरण्या म्हणला, "आज्जी, जमलं!" आन मी तानाबाईला जाऊन सांगितलं, मी पास झाले. "कशात वो?" "वठ उघडायचा आवाज ऐकण्यात." तिनं माझ्याकडं आसं बघितलं… जाऊ द्या.

पर पावणं, येकदा शेपूट दिसायला लागली ना, की सगळ्याचीच दिसती! पंख्याचं येक पातं बाकीच्यापेक्षा जरा उशिरा येतंय, त्ये ऐकू यायला लागलं. दुधवाल्यानं कॅन हलिवला की आत पाणी किती त्ये ऐकू यायला लागलं. आन पवित्राचं "व्हय अत्ती"! आमच्यात सासूला अत्ती म्हणत्यात. मला वाटायचं ती येकच "व्हय अत्ती" म्हणती. न्हाय! दोन हायत! येक साधं आन येक दात आवळून! पंचवीस वर्सं मी दातवाल्याला साधं समजत हुते! सुखात हुते वो मी! कानाला झाकण आसतं तर त्या सुखातच मेले आसते.

आन मग त्यो दिवस आला.

दुपारची येळ. मालक सोप्यात पलंगावर झोपल्यालं, मी खाली तांदूळ निवडत बसल्याली. आमचं मालक घोरत्यात. घोरत्यात म्हंजे… नवी नवरी म्हणून आले तवा मला वाटलं गोठ्यातली म्हस सुटून आत आली. घुर्रर्रर्र… फूऽऽऽ. घुर्रर्रर्र… फूऽऽऽ. पन्नास वर्सं त्येच्यावर मी भाकऱ्या थापल्या, लेकरं निजवली. त्ये गाणं मी कवा ऐकलंच न्हाय, कारण पाठच हुतं. पर त्या दिवशी माझा शिकल्याला कान आपला सवयीनं कडंला गेला. घुर्रर्रर्र… फूऽऽऽ… आन फूच्या शेपटीला काय तरी हुतं. बारीक. चुट… चुट… चुट…

गुऱ्हाळात गेलाय का कवा? काहिलीत रस आटत आला की वरनं बारीक बारीक बुडबुडं फुटत्यात, तसं. चुट… चुट… तांदळाचा खडा माझ्या बोटातनं खाली पडला, त्यो बी ऐकू आला. ह्या माणसाच्या छातीत काहील कुणी चढवली?

म्हटलं, न्हाय. म्हटलं, तुरट-गोडाचं झालं तसं आसंल. न्हाई त्ये ऐकू येतंय. पवित्राला हाक मारणार हुते, तर त्यो लोड आठवला. मग परत तांदूळ निवडत बसले. दुसऱ्या दिवशी परत बसले. परत चुट चुट. तिसऱ्या दिवशी बघितलं, मालकांनी उशीवर उशी घेतल्याली. "का वो?" "मान दुखती." पायरी चढताना मधीच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघत्यात. "का वो?" "एकादशी कवा हाय बघतोय." आमच्यात एकादशी कोण धरतंय वो! लिंगायताच्या घरात! आता माझं मन म्हणतंय, हे सगळं जुळतंय. आन माझंच मन म्हणतंय, म्हादेवी, तुला डबा म्हायती हाय म्हणून तुझा कान लबाड झालाय. कुणावर इस्वास ठेवायचा? भ्या दोन्हीकडनं! खरं आसलं तर ह्यांचं भ्या, खोटं आसलं तर माझ्या डोस्क्याचं भ्या!

शेवटी धीर करून मालकास्नी म्हटलं, "आवो, तुमच्या घोरण्यात कायतरी चुट चुट वाजतंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, तोंडातलं पान ह्या गालातनं त्या गालात घेतलं. "आन तुझ्या बोलण्यात काय वाजत न्हाय व्हय? थट्टेला दुसरं कोण घावलं न्हाय का आज?" "थट्टा न्हाय वो, दवाखान्यात जाऊया." "जाऊया की. नळाला पाणी आलं की जाऊया!" खो खो हसलं. हसता हसता खोकलं. खोकल्याच्या शेपटीला परत, चुट.

पवित्राला सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता वर बघितलं बी न्हाय. "अत्ती, ह्या टायमाला पांघरुणात लोड हाय का उशी?" साधं न्हवं, दातवालं. मी म्हटलं, "पवित्रा, शिवाची आण." तर म्हणती, "मागच्या टायमाला बी तुमी शिवाची आण घातलीसा, अत्ती." घातली हुती.

मग ऱ्हायला कोण? शरण्या. गोदामात गेले, दार लावलं, म्हटलं, "शरणा, आज्ज्याचा दम बिघडलाय." त्यो हसला न्हाय. येवढा येकच माणूस हसला न्हाय वो! त्यानं इचारलं, "कुठं? मधी का कडंला?" "कडंला. फूच्या शेपटीला." जरा इचार केला आन म्हणला, "आज्जी, तू रोज पलंगाजवळ जाऊन बसतीस. तुला म्हायती हाय काय ऐकायचंय. आसं चालत न्हाय. डोळं बांधून बघूया." मी म्हटलं, "आरं, आज्जा काय कन्व्हर्टर हाय व्हय?" तर म्हणला, "आज्जा कन्व्हर्टरच हाय. जुना आन नवा, दोन्ही हायत माझ्याकडं."

खरंच हुतं! मागच्या साली अंबूबाईच्या भजनाचं रेकॉर्डिंग चाललं हुतं तवा मालक ऐकायला म्हणून खुर्चीत बसलं आन दुसऱ्याच कडव्याला झोपलं. भजनात घुर्रर्र! आख्खं कडवं वाया गेलं, भजन थांबलं तरी ह्यांचं चालूच! पर शरण्यानं त्ये पुसलं न्हाय, सणासुदीला पावणं आलं की वाजवून हसवायचा. तर त्यो झाला जुना आज्जा. आता नवा पायजे. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, त्याच मायकापुढं, न्हायतर म्हणला, "आज्जी, तू खोली वळखशील आन म्हणशील आज्जा वळखला." पर ह्यास्नी झोपवायचं कसं? शरण्या म्हणला, "आज्जा, भजनाची शीडी तयार झालीया, जरा ऐकून सांग की कशी झालीया." दुसरं कडवं यायला नगं! घुर्रर्रर्र… मग शरण्यानं शीडी बंद करून नुसतं घोरणं तेवढं टिपलं.

आन मग परीक्षा. सगळी आली बघायला. पवित्रा आली, तानाबाई कोंबड्या बघायला आल्यागत आली, आन मालक स्वताच शेंगा फोडत खुर्चीत बसलं. "बघूया हिला काय ऐकू येतंय!" शरण्यानं त्यास्नी दम भरला, "आज्जा, शेंगा बंद, गप बसायचं." टावेल बांधला. वाट्या बसवल्या. 

पयला वाजला. आन पावणं… पयल्यातच कळलं. नाणं न्हाय, म्हस न्हाय, काय न्हाय. लख्ख! मागच्या सालचा दम कसा, धुतल्याल्या धोतरागत, सळसळीत. आन परवाचा… त्येच्या कडंला काहील. ह्यो टाळ न्हवं वो, की शेपूट तुटली तर दुसरा डबा घ्यावा! माझ्या कानात दोन नवरं घोरत हुतं, आन त्यातला चांगला मागच्या साली ऱ्हायला हुता.

शरण्या पडद्यामागनं म्हणला, "सांग आज्जी. जुना का नवा?"

आता तुमीच सांगा, मी काय करायचं? मी जर बरोबर सांगितलं, धाच्या धा, तर ह्या भरल्या खोलीत माझ्याच तोंडानं ठरायचं की ह्या माणसाच्या छातीत कायतरी बसलंय. मीच बसवल्यागत की त्ये! आन मी चुकले तर? तर म्हातारीचा भ्रम. सगळी हसतील, मालक शेंगा खातील, संध्याकाळी आमटी-भात, सगळं कालच्यागत. मला लई भ्या वाटलं वो. जल्मात येवढं भ्या वाटलं न्हवतं. आन भ्यायल्यावर मला येकच येतंय… लबाडी. हुता नवा. मी म्हटलं, "जुना."

दुसरा वाजला, जुना. मी म्हटलं, "नवा." तिसऱ्याला, चौथ्याला, जे आसंल त्येच्या उलटं! टावेलाखाली डोळ्यातनं पाणी येतंय आन तोंडानं मी ठसक्यात सांगतीया, "ह्यो नवा! ह्यो जुना!" मनात म्हणतीया, बसवेश्वरा, पास करू नगंस, नापास कर, आख्ख्या गल्लीत हसं होऊ दे माझं!

धा झालं. मी टावेल काढला. शरण्या पडद्याभाईर आला. मालकांनी आधी इचारलं, "किती रं?" त्यो म्हणला, "धा पैकी शून्य."

काय हसू फुटलं म्हणता! तानाबाईनं पदर तोंडात घातला. मालकांनी शेंगांची फोलपटं उधळली. "शून्य! आगं चुकून येक तरी बरोबर यायचं! म्हादेवी, तुझ्यापरीस म्हस बरी!" मी बी हसले. सुटले म्हटलं! आन मग बघते तर शरण्या हसंना. तोंड पांढरंफटक, सुपारी गिळल्यागत. माझ्याजवळ आला, खाली बसला आन हळू म्हणला, "आज्जी, म्हस आसती तर पाच बरोबर आलं आसतं."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? काय ऐकू न येणाऱ्याला धाच्या धा चुका जमत न्हाईत, आज्जी. धा टायमाला उलटं सांगायला धा टायमाला बरोबर ऐकू यावं लागतंय."

बघा! चोरी करायला गेले आन चोरीतच घावले! येक-दोन बरोबर सांगितलं आसतं तर कुणाला कळलं आसतं? पर भ्यायच्या नादात येक बी सोडला न्हाय! पवित्रानं माझ्याकडं बघितलं, ओला टावेल बघितला, आन तिला कळलं. ह्या टायमाला लोड न्हवता. उठली, मालकांच्या पुढ्यात चप्पल आणून ठिवली आन म्हणली, "मामंजी, उठा." "आगं, शून्य मार्काच्या बाईचं ऐकून दवाखान्यात जायाचं?" तर म्हणली, "उठा म्हटलं की उठा!" दात आवळून. त्या दिवशी मला त्यो दातवाला आवाज लई गोड वाटला बघा.

रिक्षातनं गेलो. डॉक्टरनं शर्ट वर करायला लावला, पाठीला नळी लावली. "दम घ्या. सोडा. परत घ्या." मी डॉक्टरच्या तोंडाकडं बघतीया. मला नळीबिगारच ऐकू येत हुतं, तरीबी वाटत हुतं, आता म्हणंल काय न्हाय आजी, भ्रम हाय तुमचा. म्हण की रं बाबा! म्हण! त्यानं नळी काढली. "फुप्फुसात पाणी साठायला लागलंय. हृदय दमलंय त्यांचं. भरती करून घिऊया." आन आमचं मालक त्या टेबलावर उघड्या पाठीनं बसल्यालं, माझ्याकडं वळून म्हणत्यात कसं, "म्हादेवी… ह्या टायमाला पाणी खरंच आलं की गं." आन हसलं. मला हसू येईना. मला! जल्मात पयल्यांदा मला हसू आलं न्हाय आन त्यास्नी आलं.

दवाखान्यात त्यास्नी कसली कसली मशिनं जोडली. टुईं… टुईं… टुईं… सगळ्यास्नी ती टुईं सारखीच वाटायची. पवित्रा म्हणायची, "अत्ती, चांगलं वाजतंय, जरा घरी जाऊन पडा." पर मला येक टुईं दुसऱ्यापेक्षा आखूड वाटली की काळजात धस्स! नर्सला हाक मारायची. ती यायची, बघायची, "आजी, काय झालं न्हाय," आन जायाची. परत टुईं, परत धस्स, परत हाक. शेवटी तिनं येक बोळा आणून दिला कापसाचा. "आजी, कानात घाला." घातला की! तर कापसातनं माझीच छाती ऐकू यायला लागली, धाड धाड धाड. म्हटलं, हे तर त्येच्यापरीस वाईट! काढून टाकला. कानाला झाकण लावलं तरी आतनं वाजतंय!

पर बरं झालं सगळं. डॉक्टर म्हणला, "येळंवर आणलंसा, अजून थोडं दिवस गेलं आसतं तर अवघड हुतं." पाणी उतरलं. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. मालक घरी आलं. पान बी बंद केलं मी, डॉक्टरनं सांगितलं न्हवतं, पर म्हटलं, सांगितलंय. तेवढी थट्टा चालती.

आन घरी आल्यावर पयल्या दुपारी पलंगावर झोपलं. मी तांदूळ घिऊन बसले. कान लावला. आन… काय न्हाय! घुर्रर्र न्हाय, फू न्हाय, चुट न्हाय. काहीच न्हाय! दम येवढा साफ, की सोप्यात माशी बसल्याली ऐकू येती, पर नवरा ऐकू येत न्हाय! मी उठले, नाकाखाली बोट धरलं. गरम हुतं. बसले. दोन खडं निवडलं. परत उठले, बोट धरलं. बसले. परत उठले. चौथ्या टायमाला मालकांनी डोळा उघडला. "काय हाय?" "काय न्हाय. जित्तं हायसा का बघत हुते." "झोपू दिलीस तर ऱ्हातो जित्ता."

रोज ह्येच वो! त्यास्नी झोप न्हाय, मला सुख न्हाय. आधी घोरत्यात म्हणून भ्या, मग चुट चुट करत्यात म्हणून भ्या, आता गप हायत म्हणून भ्या! आन येक दिवस काय झालं, मी बसले, मालक कुशीवर वळलं आन… घुर्रर्रर्र… फूऽऽऽ! मी म्हटलं, आली बाई म्हस परत! येवढा जीव भांड्यात पडला… आन मग कान कडंला गेला. काय करणार, जातोयच! घुर्रच्या आधी वठ जमवल्याला आवाज. फूच्या शेपटीला जरासं हसू.

झोपल्यालं न्हवतंच माणूस. माझ्यापायी खोटं घोरत हुतं.

आता मला कळलंय, त्ये त्यास्नी म्हायती न्हाय. सांगायचं पर सांगितलं न्हाय मी. म्हटलं, घोरू दे. खोटं घोरणारा माणूस जित्ता हाय, ह्येच्यात तरी काय शंका न्हाय ना? तवापासनं रोज दुपारी त्ये घोरल्यागत करत्यात आन मी आपली भिंतीला टेकून झोपल्यागत करते. दोघास्नी बी डोळाभर झोप न्हाय… पर घरातली म्हणत्यात, म्हातारा-म्हातारी कशी गाढ झोपल्यात बघा.